बस्त्यावचे वल्हे

मित्रांनो, मी एक जुने वल्हे आहे. मालवणजवळच्या किनाऱ्यावर बस्त्याव फर्नांडिस या रापणकराच्या, म्हणजे रापण हे मोठे जाळे टाकणाऱ्या मच्छीमाराच्या, होडीत मी पंधरा वर्षे काढली. १९५२ साली धोंडू सुताराने मला सागाच्या लाकडातून घडवले. बस्त्यावचा डावा पंजा जन्मापासून खुरटलेला होता, म्हणून धोंडूने माझी मूठ बारीक ठेवली. बाकीच्या वल्ह्यांत मी विचित्र दिसे आणि मला त्याची लाज वाटे. बस्त्यावलाही आपल्या हाताची वाटे. चर्चमध्ये, चारचौघांत तो डावा हात पंच्याखाली लपवी. त्याची बायको रोझालिन म्हणे, "देवान दिलेलो हात देवाकच दाखवूक कसली लाज रे?" तो नुसता हसे.

१९५८ साली, बांगडा मासळीच्या दिवसांत, शेजारच्या वाडीतल्या बाबलीची रापण फाटलेली निघाली. आदल्या दिवशी बस्त्यावनेही त्याच पाण्यात जाळे टाकले होते. बाबली माणसे घेऊन तडक आमच्या होडीशी आला.

"थोट्या, माझी रापण तूच कापलंस!"

"नाय रे बाबली. तुझ्या रापणीक मी हातव लावूक नाय."

बाबलीने होडीतून मला उपसले आणि बस्त्यावच्या खांद्यावर हाणले. मित्रांनो, ज्याने मला सहा वर्षे जपले, त्याच माणसाला मी लागले. बस्त्याव वाळूत कोसळला. त्याचा भाऊ पेद्रू कोयता घेऊन धावला. तेव्हा बस्त्याव कसाबसा उठला आणि दोघांच्या मध्ये उभा राहिला. पंचा केव्हाच गळून पडला होता. तो खुरटा हात सगळ्यांदेखत आडवा धरून तो पेद्रूला म्हणाला, "कोयतो टाक. आमी दुसऱ्याक माफ करतांव, तसो तू आमका माफ कर, असां रोज सांजेक प्रार्थनेत म्हणतांव. तां काय नुसतां म्हणूक?"

पेद्रूने कोयता टाकला. बाबलीच्या हातून मीही गळून पडले.

दोन दिवसांनी बाबलीची बायको मथुरा ओहोटीला कालवे, म्हणजे शिंपले, काढायला खडकांवर गेली. तिथे एका धारदार खडकात आपल्याच रापणीच्या चिंध्या अडकलेल्या तिला दिसल्या. त्या नवऱ्यापुढे टाकून ती म्हणाली, "ह्यो बघ तुझो चोर. आता जा बस्त्यावकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबली आमच्या होडीपाशी मान खाली घालून उभा होता. बस्त्यावचा उजवा खांदा सुजला होता, हात वर होत नव्हता.

"माझी चूक झाली," बाबली म्हणाला. "तुझो खांदो बरो होयसर तुझां वल्हां मी मारतंय."

बस्त्यावने होडीत सरकून त्याला जागा दिली. मग म्हणाला, "मूठ बारीक आसा हां. हाताक फोड येतले."

"येवंदेत."

महिनाभर बाबलीने मला चालवले. फोड खरेच आले. बस्त्याव पुढे बसून त्या उघड्या हाताने वाट दाखवी. पुढे चर्चमध्येही त्याने तो हात कधी झाकला नाही. माझ्या बारीक मुठीची लाज मलाही तेव्हापासून वाटेनाशी झाली.

आता बस्त्यावने होडी सोडली आहे. मी पडवीत उभे असते आणि बुडाशी वाळवी लागली आहे. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी असेल तर त्याला चुलीत घालू नका, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. पण ज्याच्याशी तुम्ही बोलणे टाकले आहे, त्याच्या दारी आधी जाऊन या. तेल उद्या लावले तरी चालेल.