पाळणाघरातली भुताची धून

अगं, तू आधी नुसतं ऐक, मध्ये तोंड घालू नकोस! ती खारू माहितीये ना, काकूच्या पाळणाघरात पोरं सांभाळणारी? सारखी शेंगदाणे कुरतडते म्हणून पोरांनीच ठेवलेलं नाव. तर दुपारी जेवणं झाली की पडदे ओढायचे, गाद्या घालायच्या आणि खारू स्पीकरवर एक धून लावणार, हे ठरलेलं. नुसता पियानो, तोही इतका सावकाश, जणू कुणी अनवाणी चाललंय. एवढी वांड कार्टी, पण पटापट लवंडायची. ती नवीन छोटी, आई गेली की दाराला चिकटून हमसून हमसून रडणारी, तीसुद्धा खारूची बाही मुठीत धरून झोपायची. धून नसेल तर मात्र डोळ्याला डोळा नाही!

काल जुळ्यांचा बाबा लवकर टपकला. दारातच थबकला. "अहो, हे त्या भुताच्या गेममधलं आहे! करवत घेऊन मागे लागतात त्यात!"

काकूचं धाबंच दणाणलं. "खारे, बंद कर आधी!"

"नाही करणार."

काकूला! जिच्यापुढे काकांचा आवाज फुटत नाही, तिला!

"भाऊ, करवतवाला येतो तेव्हा ही वाजते?" खारूने हळूच विचारलं. पोरं झोपली होती ना.

त्याने डोकं खाजवलं. "तेव्हा नाही. ती छोटी खोली असते ना, दिवा असलेली, तिथे."

"तिथे भूत येतं?"

"येत नाही. पण गेम भुताचाच ना, ताई!"

"जीव मुठीत धरून पळायचं आणि एकाच खोलीत टेकायचं, त्या खोलीची ही धून. घाबरलेल्यांसाठीच केलेली. ही छोटी सकाळपासून घाबरलेली असते. तिला नाही लावायची तर कुणाला?"

"आयांना कळलं तर एक पोर येणार नाही उद्या," काकू फणकारली. "एक तर ती धून जाईल, नाहीतर तू."

"मग आयांना मीच सांगते. तोंडावर."

तेवढ्यात बेल वाजली. पहिली आली ती नेमकी छोटीचीच आई! खारू स्पीकर छातीशी धरून उठली, आवाज जरासुद्धा कमी केला नाही. "ताई, तुमची लेक हे ऐकून झोपते. हे भुताच्या गेममधलं आहे. आता सांगा, बंद करू?"

खरं सांग, त्या आईच्या जागी तू काय केलं असतंस?