एक नंबरची खाट

शस्त्रक्रियेच्या वॉर्डात एक नंबरच्या खाटेसमोर ही भली मोठी रांग लागली होती. त्या खाटेवर म्हणे जखम चिघळतच नाही. ओळीनं पाच जण तिथून ठणठणीत होऊन घरी गेले. बाकीच्या अकरा खाटांवर मात्र पू काही थांबेना. एका बुवांनी हे हेरलं आणि खाटेचा ताबाच घेतला.

"खाटेला हात लावा, तोच हात जखमेवर ठेवा," बुवा सांगत. "शंका घ्याल तर गुण जाईल."

म्हणजे बरं वाटलं तर बुवांमुळे, नाही वाटलं तर तुमच्यामुळे. चित भी यांचीच, पट भी यांचीच.

थोरल्या सिस्टरांचा नुसता तिळपापड होई, पण बोलणार कुणाला? सहा नंबरवर त्यांचेच मेहुणे होते, धाकट्या बहिणीचा नवरा. त्यांच्या पायातल्या जंतूंवर आता एकच औषध चालत होतं. तेही हरलं तर पाय कापावा लागणार. आणि बहीण रोज रांगेत.

"अगं, तूसुद्धा?"

"ताई, तुमची एवढी औषधं हरली ना? मग मला माझं करू दे."

सिस्टरांना हे फार लागलं. त्या दिवशी राउंडला त्या फक्त मोठ्या डॉक्टरांचे हात बघत राहिल्या. बेसिन दाराशी, एक नंबरला लागून. डॉक्टरांनी हात स्वच्छ धुतले, एक नंबरची जखम तपासली, मग दोन, मग तीन. बारापर्यंत तेच हात. वीस वर्षांची पद्धत. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

सिस्टरांनीच बांधली. प्रयोगशाळेतून जंतू वाढवायच्या तीन बशा आणल्या. डॉक्टरांची बोटं हात धुतल्यावर एकीत टेकवली, पाचव्या खाटेनंतर दुसरीत. तिसरीत बुवांनी आशीर्वाद म्हणून आनंदानं हात ठेवला.

दोन दिवसांनी पहिली बशी कोरी निघाली. दुसरीत, म्हणजे हात सहा नंबरला पोचण्याआधीच, मेहुण्यांच्या जखमेतलेच जंतू. बुवांच्या बशीत तर त्या जंतूंचं सगळं गणगोत जमलेलं.

"धुतलेला हात पहिल्यांदा याच खाटेवर पोचतो. चमत्कार तेवढाच," सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या. "आणि तुम्ही सगळ्यांनी हात लावून लावून आता या खाटेवरच्या आजोबांचीही जखम चिघळवलीत."

बुवांना अचानक दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर पाच नंबर उरकून सवयीनं तसेच सहाकडे आले. त्यांच्यापुढे कधी तोंडही न उघडलेली बहीण आडवी उभी राहिली.

"डॉक्टर, आधी हात धुवा."

डॉक्टरांचे कान लाल झाले. ते मुकाट्यानं बेसिनकडे गेले. नवे जंतू यायचे थांबले, उरलेलं औषध लागू पडलं आणि पाय वाचला.

तेव्हा बाबांनो, हात कुणालाही जोडा. पण जखमेला हात लावणारा कितीही मोठा असो, त्यानं हात धुतलेत का, हे विचारायला लाजू नका.