लिंबाने धुतलेले हात

रेवताबाईने घरात उंदीर पाळलाय, ही बातमी आंधळगावच्या बाजारात तिच्या मासोळ्यांच्या आधी पोचली. लोक धानाच्या कोठीपाशी काठी घेऊन बसतात आणि ही बाई उंदराला सूर्यफुलाच्या बिया चारते, म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तो उंदीर नाही, हॅमस्टर आहे, असं रेवताबाईने दोघीतिघींना सांगून पाहिलं, मग नाद सोडला.

हॅमस्टर तिच्या लेकीचा, रिंकूचा. रिंकू नागपूरला नर्सिंग शिकत होती. मैत्रिणींनी वाढदिवसाला तो दिला, वसतिगृहाच्या बाईंनी डोळे वटारले, आणि पुढच्याच सुट्टीत बिट्टू पिंजऱ्यासकट तळ्याकाठच्या या घरात आला. जाताना रिंकूने खुंटीवरचं मायचं जुनं हिरवं लुगडं ओढलं, त्याची एक चिंधी फाडून पिंजऱ्यात अंथरली. यात तुझा वास आहे, म्हणजे तो तुला ओळखेल, म्हणाली. दिवाळीपर्यंत हातावर आला तर ठीक, नाहीतर एका मैत्रिणीला देऊन टाकू. भिऊन भिऊनच मरायचा बिचारा.

तुझा वास म्हटल्यावर रेवताबाई कानकोंडी झाली. तेच लुगडं नेसून ती मासे कापायला बसायची.

फार वर्षांपूर्वी, सहावीत असताना रिंकू म्हणाली होती, "माय, तू शाळेत नको येत जाऊ. तुया हाताले वास येते." पोर लहान होती, बोलून विसरली. माय विसरली नाही. तेव्हापासून लेकीच्या वेणीला हात लावायच्या आधी ती राखेने हात घासायची, वर लिंबू चोळायची. माशाच्या काट्यांनी चिरलेल्या बोटांना लिंबू असं झोंबायचं की डोळ्यांत पाणी यायचं. लेक घरात होती तोवर माय हात धूत राहिली, आणि ते सुकेपर्यंत लेक नागपूरला निघून गेली.

बिट्टू आल्यापासून मात्र रिंकूचा रोज संध्याकाळी फोन यायचा. आधी कधीमधी यायचा, तोही बापाशी बोलून संपायचा. आता रोज मायलाच विचारायची, आला का हातावर? एवढ्याचसाठी का होईना, पण आवाज कानावर पडायचा. बिट्टू गेला की फोनही गेला, हे रेवताबाईला कुणी सांगायला नको होतं.

म्हणून ती जिद्दीला पेटली. दिवेलागणीला बिट्टू जागा झाला की लिंबू चोळून, वर वासाचा साबण लावून, तळहातावर बी ठेवून पिंजऱ्यापाशी बसायची. बिट्टू नाक हलवायचा आणि चिंधीत गडप व्हायचा. ती घाणेरडी चिंधी तरी धुवावी म्हणून एकदा ओढायला गेली, तर कडकडून चावला. तिचा नवरा केवळराम जाळं सांधता सांधता गंमत बघायचा. मरळीसारखा निसटता मासा हाताने पकडणारी बाई, आणि वीतभर उंदरापुढे हरली, असं चिडवायचा. रेवताबाई दुसऱ्या दिवशी दोन लिंबं घ्यायची.

दिवाळी तोंडावर आली. त्या दिवशी केवळरामने टोपलीभर झिंगे आणले. निवडता निवडता अंधारून आलं, हात धुवायचं राहूनच गेलं. पिंजऱ्यातली पाण्याची वाटी कोरडी दिसली, म्हणून ती उचलायला तिने तसाच हात आत घातला.

बिट्टू चिंधीतून बाहेर आला. त्याने तिचं बोट हुंगलं. मागे वळून चिंधी हुंगली, परत बोट हुंगलं. मग चारही पाय तिच्या तळहातावर ठेवून तो चढला आणि निवांत तोंड पुसत बसला.

रेवताबाई हलली नाही. ज्या वासात तो रोज झोपत होता तोच ती रोज घासून काढत होती, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला रडू फुटलं. त्याच्यापुढे रोज एक परकी बाई जाऊन बसत होती.

तेवढ्यात फोन वाजला. केवळरामने तो तिच्या कानाशी धरला.

"बसला वो बाई हातावर," ती हळूच म्हणाली. "पण हात धुतले नोयते. झिंग्याचेच होते."



"माय," रिंकू म्हणाली, "ते हिरवं लुगडं धुंडलं का तू?"

धुंडलं होतं. पुसायला कुठंतरी गेलं असेल, असं ती धरून चालली होती.

"मी आणलं इथं. उशीखाली ठेवतो. धुतलं नाही अजून."

मुलीला जवळ घ्यायचं म्हणून किती लिंबं पिळली होती तिने. तळहातावर बिट्टू अजून तोंड पुसत होता.

"दिवाळीले तू येशील, तवा हात धुऊ का नको?"

"नको धुऊ. बसस्टँडवर घ्यायले ये, माय. बाजारातून तशीच ये."

केवळरामने फोन ठेवला. सकाळपर्यंत जिची धास्ती वाटत होती ती हाकेवरची दिवाळी रेवताबाईला आता फार लांब वाटू लागली.