तोंडी परीक्षा

“परत सांग,” सुप्रभा म्हणाली. “नवरा काय करतो?”

“माझा नवरा विद्यापीठात आहे. ती समुद्राच्या पाण्याचा अभ्यास करते.”

सुप्रभाने टेपरेकॉर्डर थांबवला. शूफेनच्या लगेच लक्षात आलं. तिने डोळे मिटून घेतले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाची कड घट्ट धरली.

“तो,” ती म्हणाली. “तो करतो. सॉरी, टीचर.”

इंग्रजीची परीक्षा बारा दिवसांवर आली होती, म्हणून मंगळवारखेरीज आज शनिवारीही शिकवणी होती. दोघी बोलत ते इंग्रजीतच; दोघींना येणारी दुसरी भाषा नव्हती. शूफेनच्या चिनीत बोलताना ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच शब्द. चौतीस वर्षं त्या एका शब्दावर भागवलेली जीभ घाई झाली की हमखास घसरायची. समोरचा माणूस हसला की उरलेलं इंग्रजीही तोंडातल्या तोंडात विरून जायचं. दोनदा ती परीक्षेला बसली होती आणि दोन्ही वेळा तोंडीत नऊपैकी सहा मिळाले होते. इथे डॉक्टर म्हणून काम करायला हवे होते सात.

चीनमध्ये शेनयांगला तिने आठ वर्षं बाळंतपणं केली होती. नवरा गुओ संशोधनासाठी साउथहॅम्प्टनला आला, त्याच्या मागोमाग तीही आली आणि एका हॉस्पिटलमध्ये साफसफाईच्या कामाला लागली. त्याच हॉस्पिटलमधल्या गरोदर बायकांच्या क्लिनिकमध्ये सुप्रभा वाटवे सतरा वर्षं रिसेप्शनिस्ट होती. एका सकाळी वेटिंग रूममध्ये आठवा महिना लागलेली एक बाई पांढरीफटक पडून खुर्चीवरून घसरली. नर्स येईपर्यंत साफसफाईच्या निळ्या एप्रनमधल्या एका बाईने तिला अलगद डाव्या कुशीवर वळवलं होतं आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजत होती. नर्सने तिला बाजूला व्हायला सांगितलं. ती मुकाट्याने बाजूला झाली. दुपारच्या सुट्टीत सुप्रभा तिच्याशेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, “तू डॉक्टर आहेस ना?” त्या मंगळवारपासून शिकवणी सुरू झाली. त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं.

क्लिनिकच्या मुख्य डॉक्टर पेनरोजबाईंनी शब्द दिला होता: मेअखेरपर्यंत सातचा कागद आण, ऑगस्टपासून तुला माझ्या हाताखाली घेते. सप्टेंबरात गुओची शिष्यवृत्ती संपत होती. परत जावं तर शेनयांगमधली तिची जागा केव्हाच दुसऱ्याला दिलेली. दोन परीक्षांमध्ये तीन महिने थांबावं लागे, त्यामुळे ही शेवटचीच संधी.

शूफेन गेल्यावर मीनल जिन्यावरून खाली आली. इथेच वाढलेली, ग्लासगोला शिकणारी सुप्रभाची ही एकुलती एक लेक ईस्टरच्या सुट्टीत घरी आली होती.

“आई, शी इज लव्हली,” फ्रिज उघडत ती म्हणाली. “पण ती एक्झॅक्टली तुझ्यासारखा बोलते. फनी वाटतो ऐकायला. व्हेजिटेबल म्हणताना तुझ्यासारखेच सगळे अक्षर म्हणते.”

“बरं,” सुप्रभा म्हणाली आणि कप विसळायला घेतले.

रविवारी दुपारी श्रीकांत, तिचा नवरा, बागेत गवत कापत असताना तिने टेप पुन्हा लावली. आधी तिचा प्रश्न, मग शूफेनचं उत्तर. त्यात चिनी वळण होतंच. पण त्याच्या वरून, स्पष्ट, तिची स्वतःची चाल होती. तोच ‘व’, तोच जोर देऊन म्हटलेला ‘ट’, वाक्याच्या शेवटी तोच हेल. तिने टेप मागे नेऊन तिसऱ्यांदा ऐकली.

कोल्हापूरहून इंग्रजीत एम.ए. होऊन ती इथे आली ते चौऱ्याहत्तर साली. एका शाळेत मुलाखत झाली. मुख्याध्यापक अतिशय सभ्य होते. “तुमचं व्याकरण आमच्या शिक्षकांपेक्षा चांगलं आहे, मिसेस वाटवे,” ते म्हणाले होते. “पण आमच्या मुलांच्या तोंडात तुमचे उच्चार बसतील. पालकांना काय सांगू?” तिने त्यांचे आभार मानले, बाहेर येऊन बस पकडली आणि पुन्हा कुठल्याही शाळेत अर्ज केला नाही. ही गोष्ट तिने मीनलला कधी सांगितली नव्हती.

आता एकोणीस वर्षांनी ते मुख्याध्यापक बरोबर ठरले होते. दोनदा सहा. दोन्ही वेळा शिकवणारी तीच.

“उद्यापासून तुला मीनल शिकवेल,” दुसऱ्या दिवशी क्लिनिकच्या काउंटरवर फायली लावत तिने शूफेनला सांगितलं. “रोज येत जा. ती इथेच जन्मलेली आहे.”

शूफेनने मान हलवली.

चार संध्याकाळी मीनल आईच्या खुर्चीत बसली. सुप्रभा पुढच्या खोलीत इस्त्री करत बसे आणि कान दाराकडे. पहिल्या दिवशी शूफेनची वाक्यं तुटक ऐकू आली. दुसऱ्या दिवशी त्याहून तुटक. चौथ्या दिवशी बराच वेळ कुणाचाच आवाज आला नाही. मग मीनल दार लोटून बाहेर आली.

“आई, ती बोलतच नाही. ती फक्त माझा तोंड बघते. एक वर्ड बोलते आणि थांबते, बरोबर आहे का बघायला.”

“मग तिला सांग, न थांबता बोल म्हणून.”

“सांगितलं. आई, तू का नाही शिकवत? मी काही राँग बोलली का त्या दिवशी?”

सुप्रभाने इस्त्री उभी करून ठेवली. परीक्षा सहा दिवसांवर होती. ती आत गेली. शूफेन वहीत डोकं घालून बसली होती. वहीत तोंडाची चित्रं काढलेली होती, कुठल्या अक्षराला ओठ किती उघडायचे त्याची.

“शूफेन, मी तुला शिकवलं ते चुकीचं शिकवलं,” सुप्रभा उभ्याउभ्याच म्हणाली. “तू माझे उच्चार उचललेस. माझे उच्चार इथे कुणाला नको असतात. मला स्वतःला त्यांच्यापायी नोकरी मिळाली नाही. तुझे सहा माझ्यामुळे आले असतील. हे मला आधी कळायला हवं होतं.”

दारात मीनल होती. तिने आईकडे पाहिलं.

शूफेनने वही मिटली.

“मी बेजिंगला शिकायला गेले,” ती हळूहळू म्हणाली. “तिथे माझी प्रोफेसर. तो... नाही. ती. ती माझ्या चिनीला हसायची. आमच्या गावची चिनी जाड आहे, शेतकऱ्याची. मी एक वर्ष वर्गात तोंड उघडलं नाही. मग प्रसूतीच्या वॉर्डमध्ये पाठवलं. तिथे बाई ओरडते. तिला विचारावंच लागतं, कधीपासून दुखतं, पाणी गेलं का. तिला माझे उच्चार नको असतात. तिला मी हवी असते.”

एवढं सलग ती या टेबलाशी कधीच बोलली नव्हती.

“तुमच्याशी बोलताना मी घाबरत नाही, टीचर,” ती म्हणाली. “हिच्याशी घाबरते. ही चांगली आहे. पण घाबरते.”

“आई,” मीनल मधेच म्हणाली, “हे बघ, आत्ता ती किती बोलली. मला सगळं समजला. प्रॉब्लेम ॲक्सेंटचा नाहीच आहे. ती एक सेंटेन्स बोलते आणि स्टॉप होते, वर्गात बाईंनी विचारल्यासारखा. एक्झॅमिनर काय करणार? त्याला ऐकायलाच मिळत नाही.”

सुप्रभा आपली खुर्ची ओढून बसली. मीनल आत येऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

त्यानंतरचे पाच दिवस त्या स्वयंपाकघरात व्याकरण झालं नाही. सुप्रभा एकच प्रश्न विचारी आणि टेपवर पाच मिनिटं होईपर्यंत शूफेनने थांबायचं नाही, एवढाच नियम. तो-ती चुकलं तर मागे जाऊन दुरुस्त करायचं आणि पुढे जायचं, सॉरी म्हणायचं नाही. पहिल्या दिवशी दोन मिनिटांतच शूफेनला घाम फुटला. तिसऱ्या दिवशी ती रडली आणि रडतारडताच पाच मिनिटं पुरी केली. सुप्रभाने टेप बंद केली नाही.

परीक्षा लंडनला होती. सुप्रभाने रजा टाकली आणि तिच्याबरोबर ट्रेनने गेली. लेखी झाली. तोंडीसाठी एकेकाला आत बोलवत होते. कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून सुप्रभा दाराकडे बघत राहिली. आधीचे तिघं दहा-बारा मिनिटांत बाहेर आले होते. शूफेनला वीस मिनिटं झाली. दार उघडलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना.

दोघींनी रस्ता ओलांडला.

“काय विचारलं?” शेवटी सुप्रभाने विचारलं.

“एखादा अवघड निर्णय सांगा. मी बर्फातल्या बाळंतपणाचं सांगितलं. पायाळू बाळ. रस्ता बंद, ऑपरेशन नाही, मी एकटी.”

“मग?”

“मी बाळाला दोनदा तो म्हटलं. मग आठवलं, मुलगी होती. मागे जाऊन दुरुस्त केलं. सॉरी म्हटलं नाही.” शूफेन थांबली. “परीक्षकाने घड्याळाकडे बघितलं. मी थांबले नाही, टीचर. मूल रडेपर्यंत सगळं सांगितलं.”

निकाल एकवीस मे रोजी आला. गुओने तो घरून क्लिनिकवर आणून दिला आणि लॅबला पळाला. सकाळचे अकरा, वेटिंग रूम भरलेली, काउंटरवरचा फोन वाजत होता. पाकीट शूफेनने फोडलं नव्हतं. ते तिने काउंटरवरून पुढे सरकवलं. सुप्रभाने फोन उचलून एका बाईंची तारीख बदलून दिली, वहीत लिहिली, फोन ठेवला. मग पाकीट फोडलं.

ओळीने आकडे होते. तिने आधी शेवटचा वाचला, मग पुन्हा वरून खाली.

“तोंडी सात,” ती म्हणाली. “सगळे मिळून सात.”

शूफेनने कागद घेऊन स्वतः पाहिला. तिचे ओठ थोडे हलले, चिनीत काहीतरी म्हटल्यासारखे. कागदाची चौकोनी घडी करून तिने एप्रनच्या आतल्या खिशात ठेवली.

“पेनरोजबाई आता आत आहेत,” सुप्रभा म्हणाली. “जा, दाखवून ये.”

“दोन वाजता जाते. माझी ड्यूटी दोनपर्यंत आहे.” ती वळली आणि पुन्हा मागे वळली. “टीचर, मंगळवारी?”

सुप्रभाने पुढच्या पेशंटची फाईल ओढून घेतली.

“आता मंगळवारी काय राहिलं?” ती म्हणाली. “तुला सुट्टी.”

शूफेनने खाली वाकून बादली उचलली आणि ती तीन नंबरच्या खोलीकडे गेली. सुप्रभा खुर्चीतून उठली, फाईल हातात धरून तिने वेटिंग रूमकडे तोंड केलं आणि पुढचं नाव मोठ्याने, आपल्याच हेलात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पुकारलं.