दुसऱ्या डिस्कचा जुना मार्का

वाडीच्या आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत १९८९ साली कॉम्प्युटर आला आणि त्याच्यामागे मी आले. मशीन गेलं तर मीही जाणार, हे मालक मनोहररावांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. उमरेडला घरचे हातमाग बंद पडलेले आणि घरात नोकरी माझी एकटीचीच.

मागे एकदा डिस्क बिघडून आठवडाभराच्या बिल्ट्या, म्हणजे पाठवलेल्या मालाच्या पावत्या, बुडाल्या, तेव्हापासून मालकांचा विश्वास उडाला. मी म्हटलं, दोन डिस्कची जोडी करू. प्रत्येक नोंद दोन्हींवर उतरेल. एक गेली तरी दुसरी राहील. त्यांनी मुंबईहून एक वापरलेली डिस्क मागवली. आणि ती मेली दिसेचना! मशीन सुरू होताना तिचं नाव यायचं, पण डिस्कचे भाग पाडणारा प्रोग्राम उघडला की यादीत एकच. केबल बदलली, डिस्क पुसली, पुन्हा पुसली. यादी ढिम्म.

"जया, पाच वाजता गाडी मुंबईले निघून राहिली," मनोहरराव म्हणाले. "नाही जमलं त सगळं मशीन विकाले त्याच गाडीत टाकतो."

चार वाजले होते. त्यांनी रिकामा खोका माझ्या टेबलाशेजारी आणवूनही ठेवला. असा राग आला, की तो त्यांच्याच डोक्यावर पालथा घालावा.

खोका आणणारे हमाल बळीरामदादा तिथेच रेंगाळत होते. "काय झालं वं, बाई?"

"ही डिस्क आधी दुसरीकडे होती. इथे दिसत नाही," मी फणकारले.

"मंग जुना मार्का राह्यला असन."

"पुसलं सगळं!"

"समोरून पुसलं असन. आपलं हळदीचं पोतं रायपूरले काहून गेलं होतं? समोर अकोला लिव्हलं, मागं रायपूर तसंच."

"दादा, हे पोतं नाही," म्हणून मी तोंड फिरवलं. मग माझीच मला लाज वाटली. मी डिस्कची फक्त सुरुवात पुसली होती. शेवट पाहिलाच नव्हता.

शेवटचा भाग उघडला, तर तिथे कुठल्याशा जुन्या जोडीची खूण जशीच्या तशी! बाईसाहेब अजून त्याच जोडीत नांदत होत्या, म्हणून प्रोग्राम त्यांना मोकळी डिस्क धरतच नव्हता.

आता ती खूण पुसायची होती. डिस्कचा नंबर चुकला तर पहिलीवरच्या सगळ्या बिल्ट्या स्वाहा. तीनदा मोठ्याने वाचला आणि बटण दाबलं. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. यादीत दोन! मी खुर्चीवरून उडालेच. जोडी लावली, आणि नोंदी दुसरीवर उतरू लागल्या.

समोरच्या टेबलावरून सगळं ऐकत बसलेले मनोहरराव चष्मा वर करून बघत राहिले. "बळीराम, खोका उचल," ते म्हणाले. मी उठून मशीनसमोर उभी राहिले. "गोदामात ठेव. इथं पाय ठेवाले जागा नाही."

"आणि माझं?" मला राहवेना.

"तुझं काय? उद्या नऊले ये. अन् अडलं त या बळीरामले विचारत जाय."

बळीरामदादा खोका डोक्यावर घेऊन निघाले होते. मी धावत जाऊन एका बाजूने हात लावला. काही गरज नव्हती, रिकामाच होता.