अंतराळवीराचं डोकं

गाद्यांच्या दुकानासमोर अंतराळवीर कशाला उभा करायचा, हे त्याच्या काही डोक्यात शिरत नव्हतं. "आमच्या गादीवर झोपलं की माणूस तरंगतो, असं म्हणायचंय त्यांना," बायकोनं पहिल्याच दिवशी समजावलं होतं. पांढरा फुगीर पोशाख घालून, वर प्लॅस्टिकचं भलंमोठं हेल्मेट चढवून ती सहा महिने त्या दुकानाच्या दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात हलवत होती. त्याचा कारखाना बंद पडल्यापासून घरातून कामाला जाणारी ती एकटीच.

गुरुवारी सकाळी घाईत उतरताना हेल्मेट तिच्या हातातून निसटलं, जिन्यावरून घरंगळत गेलं आणि मधल्या जोडावर उकललं. दोन अर्ध्या वाट्या घेऊन ती परत वर आली.

"दे इकडे," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

बावीस वर्षं तो प्लॅस्टिकच्या कारखान्यात साच्यांवर होता. बादल्या, डबे, खेळणी, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. कितीतरी महिन्यांनी घरात कुणाला त्याची गरज पडली होती. कडा पुसायच्या, कोरडेच जुळवून बघायचं, मग डिंक लावायचा, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पण बायको दारात चप्पल घालून उभी होती. त्यानं खणातली झटपट चिकटणाऱ्या डिंकाची नळी अख्खी पिळली आणि हेल्मेट गुडघ्यांत दाबून धरलं. एक वाटी बोटभर पुढे सरकली ती तशीच बसली. डिंकाचे ओघळ आत उतरले.

"झालं!" तो म्हणाला. ती "बरं झालं बाई, तुम्ही घरात होतात," म्हणाली आणि पळाली. ते वाक्य त्याला दिवसभर पुरलं.

सोमवारी तिची सुट्टी. सकाळी ती केस वर बांधत होती तेव्हा त्याला तिच्या उजव्या कानामागे सोललेलं दिसलं.

"हे कशानं गं?"

"काही नाही. घासतं जरा."

"कधीपासून?"

"अहो, असू दे ना."

त्याची थोरली बहीण अक्का खिडकीशी बसली होती. कानानं अधू, पण नको ते तिला बरोबर ऐकू यायचं. "रोज मलम लावतेय ती," अक्का म्हणाली. "तुला सांगू नको म्हणाली."

त्यानं हेल्मेट उचलून आत हात घातला. कानाच्या जागी डिंकाचा खडा वाळून काचेसारखा धारदार झाला होता. समोरच्या पारदर्शक पडद्यावर आतून डिंकाची पांढरी वाफ धरली होती, न पुसली जाणारी. त्यानं ते डोक्यात घालून बघितलं. बायको दोन पावलांवर होती, तर तिच्या जागी नुसता एक राखाडी ठिपका दिसला.

"असल्यात तू चार दिवस रस्त्यावर उभी होतीस?"

"हातच तर हलवायचा असतो. त्याला कशाला दिसायला हवं?" ती हसली. तो हसला नाही.

त्यानं हत्यारांची पेटी काढली. जोडात करवतीचं पातं घालून हळूहळू उकलू लागला. डिंक सुटेना, त्याच्या शेजारचं प्लॅस्टिकच तुटू लागलं. नखाएवढे तुकडे भुगा होऊन चटईवर पडले. त्यानं एक तुकडा चिमटीत चुरडला, बोटं पांढरी झाली. माल त्यानं ओळखला. वितळवलेल्या भंगारात खडूची भुकटी ढकललेली. कारखान्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनीही हाच माल चालवला होता. 'चालतंय तोवर चालवा,' असं वरून सांगायचे, आणि तो चालवायचा.

तरी त्यानं सोडलं नाही. चुऱ्यात थिनर घालून लगदा करून बघितला; खडू खाली बसला आणि वर गढूळ पाणी राहिलं. मग त्याच थिनरचा बोळा पडद्यावरून फिरवला. फिरवताफिरवताच त्याला कळलं, पण हात थांबायला उशीर झाला होता. पारदर्शक मालाला थिनर लावायचा नाही, हे त्यानं प्रत्येक नव्या कामगाराला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पडदा दुधाळ झाला आणि मऊ पडून वाकला.

बायको येऊन शेजारी बसली.

"शिवून टाकू या?" ती म्हणाली.

मग दोघांनी मिळून सुई तापवून कडेला भोकं पाडली आणि बारीक तारेनं वाट्या शिवल्या. ती धरायची, तो ओढायचा. कान घासू नये म्हणून आत जुन्या उशीचा स्पंज लावला. पडदा काढूनच टाकावा लागला.

"मोठं ऑपरेशन झालेलं दिसतंय," अक्का म्हणाली.

मंगळवारी बायको ते घेऊन गेली आणि दुपारी जेवायच्या आतच परतली. हातात पोशाखाची पिशवी.

"काय म्हणाले?"

"चेहरा दिसतो म्हणाले. अंतराळवीराला आमच्या गल्लीतल्या वहिनींचं तोंड कसं चालेल? उद्यापासून येऊ नका."

"जोडाचं काही बोलले?"

"विचारलं, कुणी केलं हे."

"मग?"

"मी म्हटलं, रस्त्यावरच्या एका माणसाकडून करून घेतलं."

ती त्याला वाचवत होती, हे त्याला समजत होतं. त्यानं मान हलवली आणि ताट वाढून घेतलं.

तिनं पोशाख धुतला. वाळल्यावर संध्याकाळी तो स्वतः पोशाख आणि हेल्मेट परत द्यायला गेला. दुकानदारानं पोशाख घेतला, हेल्मेटकडे बघून म्हणाला, "हे राहू दे तुमच्याकडेच." परतीच्या वाटेत भंगारवाल्याचा गाळा होता. भंगारवाल्यानं हेल्मेटवर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि परत हातात दिलं. "याचं काही होत नाही, मामा. वितळवलं तरी धरत नाही."

"माहितीये मला," तो म्हणाला. "मीच बनवायचो असला माल."

भंगारवाला पुढचं गाठोडं सोडायला लागला होता. तो तिथून निघाला. हेल्मेट कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. ते मावेना, म्हणून दोन्ही हातांनी दाबलं. तारा टिकल्या, प्लॅस्टिक फुटलं.

बुधवारी नेहमीच्या वेळेला बायकोला जाग आली. ती उठली नाही. तोही जागाच होता, पण तिला वाटावं झोपलाय, म्हणून डोळे मिटून पडून राहिला. बाहेर तिची नेहमीची बस येऊन थांबली आणि गेली. दोघंही हलली नाहीत.