तारेचं बकल

दुकानदाराने सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या भरल्या आणि पोरीला तीनदा जिना चढायला लावला. फ्रेमची सॅक त्याच्याकडे अशीच मिळायची. आरशासमोर मिरवून नाही.

"उंची बघू नका, पाठ मोजा," तो म्हणाला. "उंच माणसाचीही पाठ आखूड असते."

"अक्कलही असते काहींची आखूड. ती कुठे मोजता?" आई म्हणाली.

पोर हसली. उद्या ती काकाबरोबर पहिल्यांदा हिवाळ्यात डोंगरात निघणार होती, गोठलेलं तळं ओलांडून. त्याच तळ्याने तीन वर्षांपूर्वी तिचा बाप गिळला होता. म्हणून आईने सगळी दुकानं पालथी घातली होती. पोर थांबणार नाही हे तिला कळत होतं. हट्ट आपल्याकडूनच आलेला, तक्रार कोणाकडे करणार?

तेवढ्यात तो काका, आईचा दीर, आला. खांद्यावर सॅकची जुनी फ्रेम, तिच्यावर नवंकोरं कापड.

"वहिनी, विकत कशाला घेता? दादाची फ्रेम आहे की. पोरीने बापाची सॅक मिरवावी."

आईने कापडाकडे पाहिलंच नाही. तिची नजर कमरपट्ट्यावर गेली. बकलाच्या जागी पिळलेली तार. नवऱ्याला पाण्यातून काढलं तेव्हाही तशीच होती. सॅक सोडवता सोडवता त्याची नखं तारेवर उचकटली होती. पक्कड लावून ती तार आईनेच कापली होती. दीर तेव्हा 'नशीब, वहिनी, नशीब' करत रडला होता आणि भाऊ गेलेल्या माणसाला काय बोलायचं म्हणून तिने ओठ शिवले होते.

"परत तार?"

"बकल थंडीत तडकतं. तार दगा देत नाही."

"असं? मग घाला बघू तुम्ही. वाळू भरून. आणि हातमोजे चढवा, भावजी, वर काय उघड्या हातांनी जाता?"

वहिनी पहिल्यांदाच आपलं ऐकतेय म्हणून दीर खूश झाला. तारेला त्याने स्वतःच पीळ दिला. मग "बर्फावर चालून दाखवा" म्हणत आईने त्याला मागच्या अंगणात नेलं. तिथे खड्ड्यात अर्धवट विरघळलेला बर्फ साचला होता. तिने दाराशी टेकवलेली दुकानातली डोंगरकाठी उचलली आणि त्याच्या गुडघ्यामागे हाणली.

तो तोंडावर आपटला. वाळूचं ओझं मानेवर सरकलं, नाकाचं हाड कडाडलं. आईने सॅकवर पाय रोवला.

"काढा."

"वहि—" तोंडात चिखल गेला.

"एक. दोन." दुसरीपर्यंत शिकलेली बाई, वीसपर्यंतचे आकडे पक्के होते. वीस झाले. तिने पुन्हा एकपासून धरलं. तार हातमोज्यातून निसटत होती, बर्फ लाल होत होता.

"आई, मरेल तो!" पोर तिला ओढू लागली. आईच्या कोपराने ती भिंतीवर गेली.

दुकानदार पक्कड घेऊन धावला.

"तळ्यात पक्कड नसते," आई म्हणाली. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. मग तिने पाय उचलला. "कापा आता."

दीर उताणा झाला. नाक एका बाजूला, पुढचा दात बर्फावर. खोकता खोकता तो रडू लागला, आणि या वेळी त्याने नशिबाचं नाव घेतलं नाही.

"मी बांधली होती, वहिनी. मीच."

"माहीत आहे."

ती वळली. पोर अजून नवी सॅक पाठीवर घेऊन उभी होती, हातांवर मोजे चढवलेले. आईने काठी फिरवली. पोर त्याच खड्ड्यात तोंडावर पडली. पाठीवर आईचा पाय.

"एक—"

टक्! बकल सुटलं. पोर पट्ट्यांतून निसटली, लोळण घेऊन उठली, फुटलेला ओठ चाटत किंचाळली, "सांगून पाडायचं ना!"

"तळं सांगून फुटतं का गं?"

आईने काठी परत जागेवर टेकवली आणि दुकानदाराला म्हणाली, "ही सॅक द्या. आणि अशीच एक भावजींना. पाठ मोजून घ्या त्यांची, आडवे आहेत तोवर. नाक बसल्याशिवाय कोणी निघायचं नाही."